काटा शून्यावर, गाडी ऐंशीवर

गाडीचं इंजिन महिनाभर खोकत असलं तरी मालकाची झोप उडत नाही. क्लच घसरतो, ब्रेक किंचाळतात, मागच्या दारातून पावसाचं पाणी आत येतं; ‘जुनी झाली आता’ एवढं म्हणून गृहस्थ ऑफिसला निघतात. पण स्टिअरिंगमागच्या काळ्या काचेत इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागला, की घरावर सुतकी कळा येते. रविवारचा लोणावळ्याचा बेत रद्द होतो. गाडी सावलीत उभी राहते. आणि गाडीत नेमकं काय बिघडलंय हे राहतं बाजूला, ‘हा दिवा घालवायचा कसा’ यावर घरच्यांची बैठक बसते.

याच्या उलटही होतं. गाडी ठणठणीत, पण मीटर मेलेला. वेगाचा काटा शून्यावर आणि गाडी एक्स्प्रेसवेवर ऐंशीने धावतेय. टाकी काठोकाठ भरून आणली तरी पेट्रोलचा काटा तळाला. इंजिन अजून कोमटही झालेलं नाही, पण तापमानाचा काटा लाल पट्ट्यात जाऊन बसलेला. अशा वेळी बातमी खोटी की बातमीदार, हे आधी ठरवावं लागतं. मीटरची दुरुस्ती म्हणजे मुळात हाच तपास. तो शांतपणे, एकट्याने करता येतो. तसा तो कुणी करत नाही, हा भाग वेगळा.

पहिला उपचार म्हणजे धपका. डॅशबोर्डच्या वर, तळहाताने, मध्यम जोरात. रेडिओ आणि टीव्हीच्या काळापासून घराघरांत चालत आलेलं हे शास्त्र गाडीतही आलं, आणि गंमत म्हणजे बऱ्याचदा ते लागू पडतं. मीटरच्या आतल्या पट्टीवर शिशा-कथिलाच्या डागांनी भाग जोडलेले असतात. गाडी दिवसा उन्हात तापते, रात्री गार होते, खड्ड्यांत हादरते. काही वर्षांनी त्या डागांना डोळ्यांना न दिसणारी भेग जाते. कारागीर त्याला ‘ड्राय सोल्डर’ म्हणतात. धपका बसला की भेगेच्या दोन्ही कडा पुन्हा भिडतात, काटे उठून उभे राहतात आणि गृहस्थ विजयी मुद्रेने मागच्या सीटकडे बघतात. पुढच्या गतिरोधकापर्यंत सगळं सुरळीत असतं. खरं तर धपक्याने मीटर चालू झाला, याचा अर्थ सेन्सर, वायरी, कॉम्प्युटर सगळे निर्दोष असण्याची शक्यता मोठी आणि दोष मीटरच्या आत किंवा त्याच्या मागच्या कपलरमध्ये. म्हणजे धपका ही उत्तम चाचणी आहे. लोक तिला इलाज समजतात.

दुसरा उपचार सोसायटीच्या पार्किंगमध्ये होतो. मीटरचा आणि बॉनेटचा फारसा संबंध नसला तरी आधी बॉनेट उघडलं जातं. बॉनेट उघडं दिसलं की सल्लागार मंडळ भरायला वेळ लागत नाही.

“सेन्सर गेला असणार,” बी विंगचे काका म्हणतात.

“कुठला सेन्सर?”

“मेन.”

मेन सेन्सर नावाची वस्तू जगातल्या कुठल्याही गाडीत नसते, पण ती गेली नाही अशी गाडीही या सोसायटीत नसते. मग बँकेतून निवृत्त झालेले जोशीकाका बॅटरीची पिन काढून दहा मिनिटांनी परत लावायला सांगतात. आमच्या जावयाच्या गाडीला असंच केलं होतं म्हणतात. मग दिवा गेला का? “दिवा काय, जावयाने गाडीच काढली.” या उपायातही तथ्य आहे, पण अर्धंच. पिन काढली की बऱ्याच गाड्यांमध्ये कॉम्प्युटरने नोंदवून ठेवलेला दोष पुसला जातो आणि दिवा विझतो. गाडी थोडी धावली, की कॉम्प्युटर आपल्या चाचण्या नव्याने घेतो आणि दिवा पुन्हा हजर होतो. दरम्यान घड्याळ बारावर गेलेलं असतं आणि रेडिओवरची स्टेशनं पुसली गेलेली असतात. म्हणजे आधी एक तक्रार होती, आता तीन झाल्या.

जुन्या मीटरला इतकी नाटकं नव्हती. १९०२ मध्ये स्ट्रासबुर्गच्या ऑटो शुल्झ यांनी ज्या वेगमापकाचं पेटंट घेतलं, त्याच तत्त्वावर पुढची ऐंशी-नव्वद वर्षं जगभरच्या गाड्या चालल्या. गिअरबॉक्सपासून डॅशबोर्डपर्यंत एक लवचीक केबल, तिच्या टोकाला गरगर फिरणारं चुंबक, त्याच्याभोवती ॲल्युमिनियमची वाटी आणि त्या वाटीला अडवून धरणारी बारीक स्प्रिंग. चुंबक वाटीला शिवत नाही, पण फिरताना तिच्यात वीजप्रवाह उमटवतं आणि तिला आपल्यासोबत ओढू बघतं. स्प्रिंग तिला मागे खेचते. या ओढाताणीत काटा जिथे थांबेल तो वेग. केबल सुकली की काटा तीस आणि साठच्या मध्ये डुलायला लागायचा आणि डॅशबोर्डमागून टकटक आवाज यायचा. ड्रायव्हर डुलणाऱ्या काट्याचा मध्य काढून पंचेचाळीस धरायचा. फार झालं तर मेकॅनिक केबल उपसून तिला ग्रीस लावायचा. केबल तुटली तर तुटली. मुंबईच्या पद्मिनी टॅक्सीत वेगाचा काटा पडलेला असला तरी कुणाचं अडत नसे. बाहेर लावलेला भाड्याचा मीटर पडला, की मग दोन्ही बाजूंनी आवाज चढायचा.

पेट्रोलच्या काट्याची तर कित्येक वर्षं गरजच वाटली नव्हती. फोक्सवॅगनची बीटल १९६०च्या दशकाच्या उंबरठ्यापर्यंत पेट्रोलच्या काट्याशिवाय विकली जात होती. इंजिन आचके द्यायला लागलं की पायापाशी असलेली खिटी फिरवायची आणि रिझर्व्हवर घरी पोचायचं. आकुर्डीहून निघालेल्या चेतकनेही अर्ध्या महाराष्ट्राला हीच शिस्त लावली. स्टँडवरून काढलेली स्कूटर गदागदा हलवायची, आतला खळखळाट ऐकायचा आणि ‘स्वारगेटपर्यंत जाईल’ असा निकाल द्यायचा. त्या निकालात चूक झाली तर मागच्या सीटवरच्या माणसाला उतरून चालावं लागे, त्यामुळे कान तयार होत.

पुढे टाकीत तरंगणारा गोळा आला. गोळा पेट्रोलबरोबर वर-खाली होतो, त्याच्या दांड्याने विजेचा रोध बदलतो आणि त्याप्रमाणे काटा हलतो. तपासाचा सगळ्यात सोपा आणि सगळ्यात दुर्लक्षित नियम याच काळातला आहे : एकच काटा खोटं बोलत असेल तर त्याचा स्वतःचा सेन्सर आणि वायर बघा, सगळे काटे मिळून खोटं बोलत असतील तर त्यांना मिळणारी वीज बघा. पेट्रोल आणि तापमान हे दोन्ही काटे एकाच वेळी, एकाच दिशेला चढले, तर टाकीत पेट्रोल वाढलेलं नसतं आणि इंजिनही तापलेलं नसतं. जुन्या गाड्यांत दोन्ही काट्यांना एकाच स्टॅबिलायझरमधून वीज जायची, तो बिघडला की दोघं मिळून फसवायचे. एवढा विचार केला तर निम्मे मीटर उघडायची वेळच येणार नाही. पण विचार करायला कुणी थांबत नाही, कारण तोवर कुणाच्या तरी हातात स्क्रू-ड्रायव्हर आलेला असतो.

आजच्या गाडीत केबल नाही आणि गोळ्याची वायर थेट काट्यापर्यंत येतेच असंही नाही. जर्मनीच्या बॉश कंपनीने १९८६ मध्ये ‘कॅन’ नावाची पद्धत जगासमोर मांडली आणि मीटर स्वतः काही मोजेनासा झाला. आता इंजिनाचा एक कॉम्प्युटर, ब्रेकचा दुसरा, एअरबॅगचा तिसरा, आणि सगळे मिळून पीळ घातलेल्या दोन वायरींवर बोलतात. गाडीची ही चाळच म्हणायची : एकच जिना, सगळ्यांच्या बातम्या त्याच जिन्यातून, आणि मीटर म्हणजे जिन्याच्या तोंडाशी बसून जे ऐकू येईल ते रस्त्यावरच्यांना सांगणारे गृहस्थ. फरक इतकाच, की इथे दोघं एकदम बोलायला लागले तर ज्याचा निरोप जास्त महत्त्वाचा त्याला बोलू देऊन दुसरा आपोआप गप्प बसतो.

त्यामुळे बिघाड एका टोकाला आणि बोंब दुसऱ्या टोकाला, असं होतं. पुष्कळ गाड्यांत वेगाचा आकडा ब्रेकच्या एबीएस यंत्रणेकडून येतो आणि तिला तो चाकांच्या सेन्सरकडून मिळतो. काही बेअरिंगांच्या एका अंगाला चुंबकीय पट्टी असते, सेन्सर तीच वाचतो. चाकाचं बेअरिंग बदलताना ते उलटं बसलं, तर सेन्सरला वाचायला काही मिळत नाही. गाडी गॅरेजमधून बाहेर पडते ती एबीएसचा दिवा पेटवून, आणि कधी वेगाचा काटा झोपवून. मालक म्हणतो, ‘चाकाचं काम केलं आणि मीटर बिघडवून ठेवला.’ मेकॅनिक शपथेवर सांगतो की त्याने मीटरला हातही लावला नाही. दोघंही खरं बोलत असतात.

पावसाळ्यात या चाळीत उंदीर येतात. गरम इंजिन, कोरडी जागा, कुरतडायला मऊ वायरी. रात्रीत हार्नेसचा फडशा पडतो आणि सकाळी मीटरवर एकाच वेळी सहा दिवे लागतात. मग बॉनेटखाली डांबर गोळ्या येतात, तंबाखूच्या पुड्या येतात आणि गाडीला चुलत्याच्या ट्रंकेचा वास येतो. होंडा कंपनीने तर वायरींवर गुंडाळायला मिरचीचा तिखट अर्क लावलेली टेप विकायला काढली. अमेरिकेतल्या उंदरांवर तिचा परिणाम होत असेल. इकडचे उंदीर लहानपणापासून ठेचा खाऊन वाढलेले आहेत.

उंदरांनी जे सोडलं ते ॲक्सेसरीवाल्याने केलेलं असतं. मोठा हॉर्न, रंगीत दिवे, मागचा कॅमेरा, बूमबूम वाजणारा स्पीकर. प्रत्येकासाठी मूळ वायर सोलून तिला दुसरी वायर गुंडाळायची आणि वर काळी चिकटपट्टी. विदर्भाच्या मे महिन्यात ती पट्टी वितळून निथळते आणि उघडी तार पत्र्याला टेकते. साध्या बल्बच्या जागी एलईडी लावला तर इंडिकेटर मीटरवर दुप्पट घाईने टिकटिकू लागतो. एलईडी वीज कमी खातो, त्यामुळे बल्ब गेला असं गाडीला वाटतं. गृहस्थ मीटर बदलायला निघतात.

अशा वेळी गाडी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला नेली, की पांढऱ्या शर्टातला तरुण लॅपटॉप जोडतो आणि गंभीर चेहऱ्याने कोड वाचून दाखवतो : यू०१५५. म्हणजे मीटरशी संपर्क तुटला आहे. हे घरच्या आजींनाही माहीत असतं, पण आजी पैसे घेत नाहीत. नव्या मीटरचा आकडा ऐकून गृहस्थ गाडी तशीच बाहेर काढतात आणि ओळखीच्या ऑटो वायरमनकडे येतात.

वायरमनच्या दुकानाची खूण म्हणजे उघड्या दारातून बाहेर आलेले दोन पाय. डोकं ब्रेकच्या पेडलपाशी, दातांत टॉर्च. गृहस्थ आजाराचा इतिहास सांगायला लागतात : मागच्या दिवाळीत तुळजापूरला गेलो होतो तेव्हापासून... पाय विचारतात, “एकच काटा गेलाय का सगळे?”

“सगळेच कधी कधी...”

“डावा इंडिकेटर लावा.”

टिक. टिक. प्रत्येक टिकेबरोबर पेट्रोलचा काटा जरासा थरथरतो. “आता हेडलाइट.” काटे एकदम खाली बसतात. पायांची हालचाल थांबते आणि पूर्ण माणूस बाहेर येतो. तो मीटरकडे बघतही नाही. मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरी डॅशखालच्या अर्थच्या वायरीला टेकवून, हेडलाइट चालू ठेवून, तो आकडा वाचतो. तिथे जवळजवळ शून्य दिसायला हवं. दिसतं दीड व्होल्टच्या पुढे. मग तो डॅशखालचा दहा नंबरचा बोल्ट सैल करतो. अर्थच्या थिंबलवर हिरवट-पांढरी पूड चढलेली असते. एसीच्या पाण्याची नळी तुंबली होती, पाणी आत थेंबत होतं. पॉलिश पेपरचे चार हात, बोल्ट घट्ट, वर व्हॅसलिन. चावी फिरवली की काटे उठून आपापल्या जागी जातात.

“किती?”

“द्या पन्नास.”

गृहस्थांचा चेहरा पडतो. एवढा मोठा आजार आणि पन्नास रुपये? घरी आणि पार्किंगमध्ये काय सांगायचं? संध्याकाळी बी विंगच्या काकांनी विचारल्यावर ते खाली बघत सांगतात, “मेन सेन्सर बदलला.” काका मान डोलावतात आणि पुढच्या गाडीकडे वळतात.

हुशार वायरमनचा क्रम ठरलेला असतो आणि तो स्वस्ताकडून महागाकडे जातो : आधी बॅटरी, मग अर्थ, मग फ्यूज, मग कपलर, मग वायरिंग आणि सगळ्यात शेवटी मीटर. इंजिन बंद असताना चांगल्या बॅटरीवर साडेबाराच्या आसपास व्होल्ट दिसतात, चालू असताना साडेतेरा ते साडेचौदा. स्टार्टर फिरताना ते दहाच्याही खूप खाली गेले, तर काटे नाचतात आणि दिवे लुकलुकतात. तेव्हा मीटरला नव्हे, बॅटरीला निरोप द्यायचा. कॅनच्या वायरींचा तर फार सुंदर हिशेब आहे. दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रोध असतो, म्हणून बॅटरी काढून दोन वायरींमध्ये मोजलं तर ६० यायला हवेत. १२० आले तर एक टोक कुठेतरी तुटलं. शून्याच्या जवळ आले तर दोन्ही वायरी एकमेकींना चिकटल्या. स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटमध्ये सहा आणि चौदा नंबरला मल्टिमीटर लावला, की खाली वाकूनसुद्धा हा निकाल लागतो.

एवढं करूनही काटे उठले नाहीत, तर मग मीटर उघडायचा. एअरबॅगची गाडी असेल तर बॅटरी काढून काही मिनिटं थांबायचं, कारण एअरबॅगच्या कॅपॅसिटरमध्ये वीज शिल्लक असते आणि तिला विनोद कळत नाही. नव्या मीटरच्या आत निघतात त्या दहा रुपयांच्या नाण्याहून जराशा मोठ्या स्टेपर मोटरी. चावी फिरवली की त्या काट्याला आधी खाली टेकवून शून्य शोधतात आणि मग पावलं मोजत वर जातात. मोटर पावलं चुकली की उभी गाडीही साठने धावते. जनरल मोटर्सच्या २००३ पासूनच्या काही वर्षांच्या पिकअप गाड्यांत या मोटरी इतक्या गेल्या की अमेरिकेत घरच्या टेबलावर मीटर उघडून मोटरी बदलणाऱ्यांचा एक जोडधंदाच तयार झाला. एक्स२७.१६८ हा मोटरीचा नंबर तिकडे लोकांना तोंडपाठ. इकडे लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत सुटे भाग शोधत फिरणारे कारागीरही अशा नंबरांनीच बोलतात. काटा उपसण्याआधी त्याच्या जागेवर खूण करायला मात्र विसरायचं नसतं, नाहीतर काटा बसतो पण वेग कायमचा दहाने चुकतो.

ड्राय सोल्डरचा डाग किती लांब पोचू शकतो, याची कमाल १९८३ च्या जुलैत कॅनडाने बघितली. एअर कॅनडाच्या नव्या बोइंग ७६७ विमानात इंधनाचे मीटर बंद पडले होते. दोष होता मीटरच्या यंत्रणेतल्या एका नीट न जुळलेल्या सोल्डरमध्ये. एका तंत्रज्ञाने एक ब्रेकर ओढून तात्पुरती सोय केली, दुसऱ्याने तपासणीसाठी तो परत लावला, आणि काटे गुल. मग टाकीत पट्टी बुडवून इंधन मोजलं आणि हिशेबात किलोच्या जागी पौंडांचा गुणक वापरला. लागणाऱ्या इंधनाच्या निम्म्याहूनही कमी इंधन घेऊन विमान उडालं आणि वाटेत हवेतच दोन्ही इंजिनं बंद पडली. वैमानिकांनी ते ग्लायडर म्हणून गिमलीच्या जुन्या धावपट्टीवर उतरवलं, तेव्हा तिथे मोटारींच्या शर्यतीचा दिवस होता. विमानातले सगळे ६९ जण वाचले. धपका मारून बघायला विमानात सोय नव्हती.

मीटर बदलायचाच ठरला तर नवी दुखणी सुरू होतात. काही गाड्यांत चोरीविरोधी यंत्रणेचा एक भाग मीटरमध्येच असतो; दुसऱ्या गाडीचा मीटर लावला की काटे छान उठतात आणि इंजिन सुरू होत नाही. किलोमीटरचे आकडेही मीटरच्या चिपमध्ये असतात. म्हणून नव्या मीटरवर जुने किलोमीटर भरून घ्यावे लागतात, आणि याच वाटेने किलोमीटरचे आकडे मागे नेणारेही ये-जा करतात. सेकंडहँड गाडी घेणारे जुने जाणते म्हणूनच मीटरवरचे २८,००० बघून हसतात आणि पेडलच्या रबराकडे वळतात. रबर गुळगुळीत आणि मीटर कोवळा, असं गणित जमत नाही. चावी फिरवल्यावर इंजिन सुरू होण्याआधी सगळे दिवे लागून जातात की नाही, हेही ते बघतात. इंजिनाचा पिवळा दिवा तेव्हाही लागला नाही, तर आधीच्या मालकाने दिवा घालवण्याची बैठक यशस्वी केलेली असते.

दिवा लागून नुसतं भागत नाही, तो वाचताही यावा लागतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये टेस्लाला अमेरिकेत जवळपास २२ लाख गाड्या याच कारणासाठी रिकॉल कराव्या लागल्या : ब्रेक, पार्किंग आणि एबीएसच्या इशाऱ्यांची अक्षरं नियमापेक्षा बारीक होती. दुरुस्ती सॉफ्टवेअरने झाली, कुणाला गॅरेजला जावं लागलं नाही. बावीस लाख गाड्यांचं अक्षर एका फटक्यात सुधारलं, हे शाळामास्तरांनी ऐकलं तर त्यांना रडू येईल.

आणि चांगला मीटरही पूर्ण खरं बोलत नाहीच. युरोपातल्या नियमानुसार वेगमापकाने खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवायचं नाही. जास्त मात्र दाखवता येतं, दहा टक्के आणि वर ताशी चार किलोमीटरपर्यंत. म्हणजे काटा शंभरवर असला तरी गाडी नव्वदीच्या घरात असू शकते. मोबाइलच्या जीपीएसवर हे कळलं की गृहस्थांना पुन्हा वाटतं, मीटर बिघडला.

आपल्याकडे १ जुलै २०१९ पासूनच्या नव्या गाड्या तर बोलूनही दाखवतात. ऐंशी ओलांडलं की अधूनमधून टुंग, एकशेवीस ओलांडलं की थांबतच नाही, आणि पट्टा लावला नाही तर वेगळा टुंगटुंग. या शेवटच्या आवाजावर भारतीय बुद्धीने शोधलेला उपाय म्हणजे पट्ट्याच्या खोबणीत खुपसायची नुसती क्लिप. २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ई-कॉमर्स कंपन्यांना या क्लिपा विकणं थांबवायला लावलं, तेव्हा १३,११८ जाहिराती उतरवाव्या लागल्या.

पन्नास रुपयांत मीटर जिवंत करून घेतलेले ते गृहस्थ आठवड्याने वायरमनकडे पुन्हा येतात. काटे उत्तम आहेत, दिवे उत्तम आहेत, फक्त हा टुंगटुंग कायमचा बंद होईल का? कुठली तरी वायर कापली तर?

वायरमन खिडकीतून आत वाकतो, त्यांच्या खांद्यामागून पट्टा ओढतो आणि खटकन खोबणीत बसवतो. “झाला बंद,” तो म्हणतो, “याचे पैसे नाहीत.”